तीन वीसची खिडकी

१

त्या दिवशी दुपारी तीन वाजून एकवीस मिनिटांनी पडद्यावरची ती लहानशी खिडकी बाईंनी स्वतःच्या हाताने बंद केली. आणि त्यानंतर सतराव्या दिवशी संगणकाच्या यादीत अधिकचे चिन्ह घालून सर्वांना दार मोकळे केले, तेही बाईंनीच. या दोन्ही गोष्टी कुणी त्यांच्याकडून करवून घेतल्या नव्हत्या. पुढे जे घडले त्यात दोष कुणाचा असा प्रश्न निघाला, तर उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

बाई चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या घरबसल्या पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासत. वेळ दुपारी दोन ते चार. या दोन तासांत दाराची घंटा वाजली तरी त्या उठत नसत, आणि शेजारपाजारच्यांनाही ते आता अंगवळणी पडले होते. संगणक मुलाने बांधून दिलेला होता. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत संगणकांची व्यवस्था पाहत असे. कचेरीतून बाद झालेले भाग जमवून त्याने आईसाठी हे यंत्र उभे केले, आणि घर व कचेरी एकाच जाळ्यात जोडून टाकली.

या यंत्राची एक खुबी होती. पडद्यावर जे जे दिसते ते काढणारा जो आतला प्रोग्रॅम, तो केवळ घरच्या यंत्राचेच ऐकत नसे. दूरच्या यंत्राने सांगितले तरी तो पडद्यावर खिडकी उघडून देई. मात्र त्या यंत्राचे नाव यादीत असले पाहिजे. यादीत एकच नाव होते, मुलाच्या यंत्राचे.

"आई, ही यादी म्हणजे तुझ्या वर्गाचा पट समज," तो म्हणाला होता. "पटावर नाव नाही, त्याला आत बसता येणार नाही."

"आणि पटावरचा उशिरा आला तर?"

"तर काय, अंगठे धरून उभा. मला विचारतेस? माझे अंगठे अजून दुखतात."

हे सारे करण्याला कारण होते. आदल्या वर्षी बाईंना भोवळ आली आणि त्या दोन तास स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून राहिल्या. मुलगा कामावर, सून दाताच्या दवाखान्यात नोंदी ठेवायला गेलेली. त्यानंतर मुलाने ही युक्ती काढली. रोज दुपारी चार वाजता बाईंच्या पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तो कचेरीतून एक बोटभर खिडकी उघडत असे. तिच्यात दोन डोळे असत, नुसती दोन अंडाकृती वर्तुळे आणि त्यांत काळी बुबुळे. माउसचा बाण जिथे जाई तिथे बुबुळे वळत. बाईंनी त्या डोळ्यांभोवती बाण एकदा गोल फिरवायचा. बाण हलला की ते तिकडे मुलाला कळे, आई ठीक आहे असे तो समजे, आणि खिडकी आपणहून मिटे.

"मला पहारा नको," बाईंनी बजावले होते.

"पहारा कुठला? हजेरी आहे ही. चौतीस वर्षं घेतलीस, आता थोडी दे."

त्या दिवशी डोळे तीन वीसलाच आले. सातवीच्या पुस्तकातला एक धडा बाईंना छळत होता. एका वाक्यात काहीतरी खटकत होते आणि ते हाताशी येता येता निसटत होते. कोपऱ्यात डोळे उघडलेले त्यांनी पाहिले, घड्याळ पाहिले. चार म्हणजे चार. मुलगा असला म्हणून काय झाले? त्यांनी गोल फिरवला नाही. बाण सरळ खिडकीच्या फुलीवर नेला आणि ती बंद केली.

चार वाजून दहा मिनिटांनी दूरध्वनी वाजला.

२

दूरध्वनी करणारा माणूस मुलाचा वर्गमित्र आणि पुढे सहकारी. कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी बोलावे आणि कोणत्याशी बोलू नये, हे ठरवणे त्याचे काम होते; म्हणून कचेरीत त्याला 'दारवान' म्हणत. लहानपणी तोही बाईंच्याच हाताखाली शिकलेला. मुलगा खुर्चीत एका बाजूला कललेला त्यालाच प्रथम दिसला. त्याने त्याचे मनगट धरले आणि नाडी लागेना, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन चोवीस झाले होते. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी लिहिले.

"वेदना झाल्या असतील का रे?" बाईंनी विचारले होते.

"नाही वाटत, बाई. स्क्रीनकडे बघत होता. कसली तरी वाट बघत असल्यासारखा."

हे वाक्य बाईंनी ऐकून घेतले आणि कुणाला काही सांगितले नाही. सुनेलाही नाही.

मुद्रिते त्यांनी परत पाठवून दिली. दुपारी पडदा काळा ठेवायचा आणि चारला पाच मिनिटे कमी असताना तो लावायचा, एवढेच उरले. चार वाजत, कोपरा रिकामा राही, सव्वाचारला त्या पडदा बंद करीत. सोळा दिवस हे चालले. सतराव्या दिवशी दारवान मुलाच्या टेबलावरच्या वस्तू एका खोक्यात घालून घेऊन आला: चष्म्याचे घर, कान तुटलेला कप, एक स्वेटर. मुलाचे यंत्र पुसून टाकले, सुटे केले, भाग दुसरीकडे लावले, हेही त्याने सांगितले.

तो गेल्यावर बाईंनी यादी उघडली. यादीत जे एकच नाव होते, त्या नावाचे यंत्र आता जगात नव्हते. नाव खोडावे, तर त्याच्या जागी काय लिहावे? तो येणारच असेल तर कुठून येईल, हे कुणाला ठाऊक होते? ठिकाण माहीत नसलेल्याचे नाव पटावर घालायचे कसे?

मुलाने एकदा बजावले होते, "इथं अधिकचं चिन्ह कधीही टाकू नकोस. त्याचा अर्थ, येईल त्याला येऊ दे." बाईंना ते नीट आठवत होते. त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती.

हा वेडेपणा आहे, असे त्यांनी स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितले. मग यंत्राला आज्ञा लिहिण्याच्या काळ्या खिडकीत अधिकचे चिन्ह घातले.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला डोळे आले.

३

बाईंचा हात माउसवर इतका थरथरला, की गोल कसला, वेडेवाकडे कोळ्याचे जाळे झाले. बुबुळे त्यामागोमाग फिरली. बाई हसल्या, कित्येक दिवसांनी त्यांच्याच हसण्याचा आवाज त्या खोलीत त्यांना ऐकू आला. मग त्या खिडकी मिटण्याची वाट पाहत बसल्या.

खिडकी मिटली नाही.

त्यांनी पुन्हा एक गोल फिरवला. पुन्हा एक. साडेचार झाले. डोळे तसेच. शेवटी बाईंनी पडद्याचे बटण बंद केले आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

बुद्धीने विचार करायचा तर स्पष्टीकरण सोपे होते. मुलाने रोज चारला आपोआप चालेल अशी काही आज्ञा कुठेतरी लिहून ठेवली असणार. माणूस गेला तरी त्याचा गजर वाजतच राहतो, तसेच हे. त्यांनी दारवानाला दूरध्वनी केला, आडून आडून विचारले.

"बाई, त्या मशीनचे स्क्रू मी माझ्या हाताने काढलेत. त्यातून आता काय येणार? का, काही दिसलं का तुम्हाला?"

"काही नाही. सहज विचारलं."

"तुम्ही सहज कधीच विचारत नाही, बाई. सातवीत आम्ही त्याच प्रश्नाला घाबरायचो."

बाईंनी दूरध्वनी ठेवला. उत्तर हातात नव्हते. पण चार वाजता ते येत होते, ही गोष्ट खरी होती, आणि रोजच्या दिवसाला पुन्हा एक कणा मिळाला होता. जागा मात्र चुकीची होती. मुलगा नेहमी उजव्या कोपऱ्यात येई. हे डाव्या बाजूला, जरा खाली, आणि आकाराने थोडे मोठे. वर्गात नवा मुलगा येतो तेव्हा आधी दाराशी घुटमळतो. हे थेट पुढच्या बाकावर येऊन बसल्यासारखे.

सहाव्या दिवशी बाईंनी बाण पडद्याच्या अगदी खालच्या कडेला नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेतला. बुबुळांनी खाली पाहायला हवे होते. ती खाली गेली. मग सावकाश वर आली, आणि दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध थांबली.

बाईंना हा प्रोग्रॅम आता पाठ झाला होता. बुबुळ सदैव कडेला टेकलेले असते, कारण बाण बाहेर असतो. एका डोळ्याच्या आत बाण नेला तर त्या डोळ्याचे बुबुळ बाणाखाली येते, आणि दुसरे त्याच्याकडे तिरके होते. दोन्ही बुबुळे एकाच वेळी मधोमध, असे होऊच शकत नाही. पडद्यावर असे कुठलेही ठिकाण नाही, जिथे बाण असता दोन्ही डोळे असे दिसतील.

ते ठिकाण पडद्याच्या बाहेर होते. तिथे बाई बसल्या होत्या.

४

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या दोन जोड्या आल्या. मग चार. मग बाईंनी मोजायला सुरुवात केली, कारण मोजणे हातात होते: सात, अकरा, एकोणीस. कुठली लहान, कुठली टपोरी, एकीचा उजवा डोळा डाव्याहून अरुंद. सगळ्यांची बुबुळे मधोमध. आवाज मुळीच नसे. यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी, आणि तीही चार वाजले की थोडी खोल जाई, जणू कुणी श्वास आवरून धरला आहे.

बाई पळून गेल्या नाहीत. त्यांनी आयुष्यभर एका खोलीत पन्नास पन्नास जोड्या डोळे झेलले होते. भीती वाटत होतीच. पण तिच्याखाली, खोल, दुसरेच काहीतरी होते. यांतला एक आपला असेल. पहिल्याच दिवशी कुठल्याही वर्गात आपले मूल आईला पाठमोरे ओळखू येते. आणि आपल्याला एकोणीस जोड्यांत ते ओळखता येऊ नये? त्या प्रत्येक जोडीभोवती एकेक गोल फिरवीत. जी त्याची असेल ती मिटेल. एकही मिटत नसे.

एका गुरुवारी सून लवकर घरी आली. गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस असे. ती चपला काढून आत आली आणि बाईंच्या खुर्चीमागे थबकली.

"आई. हे काय आहे?"

बाईंनी वळून पाहिले नाही. "चारची हजेरी."

"कुणाची?"

"तेच बघते आहे."

 सुनेने हात पुढे करून पडद्याचे बटण बंद केले आणि बाईंसमोर स्टूल ओढून बसली. "दवाखान्यात दिवसभर लोक माझ्यासमोर आपणहून तोंड उघडून बसतात," ती म्हणाली. "घरी मात्र तुमचं तोंड उघडवायचं म्हणजे दाढ काढण्यापेक्षा कठीण. काय झालंय ते सांगा."

"काही झालेलं नाही. यादीत थोडा बदल केला होता."

"मी रविवारी त्यांना बोलावते. दारवानांना."

"गरज नाही."

"गरज मला आहे," सून म्हणाली. "माझा नवरा गेला. सासूही अशी पडद्यात गेली, तर मी संध्याकाळी कुणाकडे यायचं?"

५

दारवान रविवारी सकाळी अकरा वाजता आला. यादीतले अधिकचे चिन्ह पाहून तो बाईंकडे वळला.

"बाई, हे तुम्ही केलंत? तुम्ही? वहीच्या समासाची रेघ ओलांडली तर तुम्ही छडी घ्यायचात!"

"पुढे बोल."

"पुढे काय बोलू? दारच काढून ठेवलंत. कोणीही येईल, कोपऱ्यात बसेल, तुम्ही काय टाइप करता ते वाचेल. आणि एक लक्षात घ्या. अधिक काढून उणं केलं तर नवीन कोणी येत नाही, पण आत आलेला आतच राहतो. दार लावलं म्हणून घरात बसलेला बाहेर जात नाही ना? त्याला घालवायचं तर नुसतं बटण नव्हे, पडदा काढणारा आतला प्रोग्रॅमच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. मग सरसकट सगळेच जातात."

त्याने नोंदी उघडल्या. कोण केव्हा आले, कुठून आले, केव्हा गेले, सारे त्या नोंदीत ओळीने असते. दारवान वाचत गेला आणि त्याच्या कपाळावर आठी पडत गेली.

"वेळ आहे. चार, चार, चार. पण कुठून आले तो रकाना कोरा आहे. सगळ्यांचा. असं होत नाही. काहीतरी पत्ता लागतोच." तो वर सरकत गेला. "आणि हे एक कुणीतरी वेगळं आहे. हे चारला नाही येत."

"केव्हा येतं?" सुनेने विचारले.

"तीन वीसला. रोज. पहिल्या दिवसापासून. चार मिनिटं थांबतं, आणि तीन चोवीसला..." तो बोलता बोलता थांबला. ती वेळ त्यानेच भिंतीवर पाहिली होती.

बाई तीन वीसला कधीच पडदा लावीत नसत. चारला पाच मिनिटे कमी असताना लावीत. चार म्हणजे चार.

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि दोघांकडे पाठ करून, खणखणीत आवाजात, प्रार्थनेनंतर सूचना वाचून दाखवावी तशा म्हणाल्या, "त्या दिवशी त्याचे डोळे तीन वीसला आले होते. वेळेआधी आले, म्हणून मी बंद केले. गोल फिरवला नाही. त्यानंतर तो तीन मिनिटं होता."

 रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवीत गेली.

"त्याने मला फोन केला नाही," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखी ती म्हणाली. "मी दवाखान्यात फोनशेजारीच होते. पण गेला तो तुमच्या वर्गात गेला."

बाईंनी मान हलवली. या वाक्यावर दुरुस्ती नव्हती.

दारवानाने यादी कोरी केली, दोन कळा एकदम दाबून सगळा पडदा बंद केला आणि पुन्हा चालू केला. "आता कोणीही आलं तरी ते नाकारलं जाईल," तो म्हणाला. "नोंदीत तेवढी एक ओळ येईल. दुसराही एक उपाय आहे, कानच बंद करायचा. म्हणजे बाहेरून कोणी बोलतंय हे यंत्र ऐकणारच नाही. पण मग आलं कोण, आणि आलं की नाही, हेही कधीच कळणार नाही."

"इतकं पुरे," बाई म्हणाल्या.

६

नोंदी वाचायला बाई शिकल्या. रोज संध्याकाळी त्या वाचत. चार वाजता: नाकारले, नाकारले, नाकारले. तेवीस वेळा, सव्वीस वेळा, एकतीस वेळा. त्याचे त्यांना काही वाटत नसे. पण त्या सगळ्यांच्या वर, एकटी, एक ओळ असे. तीन वीस. नाकारले.

एकदा त्यांनी नाकारले होते. आता त्यांच्या वतीने यंत्र रोज नाकारत होते, आणि तो रोज येत होता.

दहा दिवस त्यांनी सोसले. विचारही पुष्कळ केला. तीन वीसला तो येतो, तर अधिकचे चिन्ह तीन एकोणीसला घालायचे. गोल फिरवायचा. तीन चोवीसला तो जाईल. मग लगेच उणे करायचे. चारला अजून छत्तीस मिनिटे राहतील. वर्गाचे वेळापत्रक आखावे तसे त्यांनी हे कागदावर आखले. त्यात चूक नव्हती.

तो गुरुवार होता. पडद्याला रंग धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. तीन एकोणीसला बाईंनी चिन्ह घातले. तीन वीसला उजव्या वरच्या कोपऱ्यात बोटभर खिडकी उघडली.

तीच जागा, तोच आकार. बुबुळे कडेला टेकलेली, बाणाकडे वळलेली. प्रोग्रॅमने वागावे तशी, शहाण्यासारखी. बाईंनी माउस हातात घेतला. या खेपेस हात हलला नाही. त्यांनी एक गोल फिरवला, सुबक, फळ्यावर काढीत असत तसा. बुबुळे त्यामागून पूर्ण फिरली आणि सुरुवातीला येऊन थांबली.

"आले रे बाळा," बाई म्हणाल्या. "उशीर झाला."

त्यांनी माउसवरचा हात उचलला.

बाण जागच्या जागी होता. बुबुळे हलली. ती खाली उतरली, डावीकडे वळली आणि पडद्याच्या खालच्या डाव्या टोकाला जाऊन टेकली. तिथे बाण नव्हता. तिथे काळी आज्ञेची खिडकी होती, आणि तिच्यात उण्याचे चिन्ह लिहिण्याची जागा लुकलुकत होती.

कळले नाही, असे बाईंना म्हणता आले असते. पण त्यांना कळले. त्यांनी फक्त ऐकले नाही. तीन चोवीस झाले. खिडकी गेली नाही. पंचवीस झाले. तो थांबला, एवढा एकच विचार बाईंच्या मनात राहिला. त्याला कुणीतरी दिसले, म्हणून तो थांबला. कागदावरचे वेळापत्रक त्यांच्या कोपराखाली होते. त्या नुसत्या बसून राहिल्या, मुलाच्या तोंडाकडे आई पाहत राहते तशा. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत फरशीवर गेला. दाराचे कुलूप वाजले. घड्याळाने चारचे ठोके द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना घड्याळाची आठवण झाली.

ठोके संपेपर्यंत पडदा भरला.

"आई!" सून दारातूनच ओरडली. मग ती धावत आली आणि खुर्चीच्या पाठीला धरून वाकली. "आई, ही आज आपल्याकडे बघत नाहीयेत."

खरेच, आज एकही बुबुळ मधोमध नव्हते. पडद्यावरच्या साऱ्या डोळ्यांची बुबुळे उजव्या वरच्या कोपऱ्याकडे वळली होती. त्या सगळ्यांच्या मधून ती बोटभर खिडकी अजून दिसत होती, आणि तिच्यातले डोळे कुणाकडेही पाहत नव्हते. ते तसेच खाली, डावीकडे, त्या लुकलुकणाऱ्या जागेकडे लागलेले होते. पंख्याची घरघर थांबली. पडदा एकदा चमकला. सगळ्या खिडक्या थोड्या वर सरकल्या. पुन्हा चमकला, आणखी थोड्या. डोळ्याला डोळा भिडू लागला. त्यांना बाई नकोच होत्या. ज्याला कुणीतरी ओळखले होते, असा त्यांच्यात एकच होता.

बाईंनी उणे लिहिले. दार लागले. पण आत आलेला आतच राहतो.

"सगळाच बंद करावा लागेल," सून म्हणाली. "तेही जातील, आई. पण..."

"तोही जाईल."

"हो."

पडदा पुन्हा चमकला. कोपऱ्यातल्या लहान खिडकीची एक कड झाकली गेली. बाईंनी माउस घेतला आणि बाण त्या गर्दीतून वर नेला. लहानशा डोळ्यांभोवती उरल्या जागेतून त्यांनी एक गोल पुरा केला. या वेळी बुबुळे बाणामागून फिरली नाहीत. क्षणभरच, ती दोन्ही मधोमध आली.

मग बाईंनी दोन बोटांनी दारवानाच्या त्याच कळा दाबल्या, त्या दिवशी तीन वाजून एकवीस मिनिटांनी माउसची कळ दाबली होती त्याहूनही घट्ट, आणि पडदा काळा झाला. काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसले. तिथे आणखीही कुणी होते का, हे सुनेने विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

७

रविवारी अकरा वाजता तिघे पुन्हा त्याच खोलीत बसले. सुनेने चहा केला. तो कुणी फारसा घेतला नाही. बाईंनी गुरुवारचे सर्व क्रमाने सांगितले, काहीही न गाळता. 

"बाई, मी ह्यातलं काही समजावून सांगू शकत नाही," तो शेवटी म्हणाला. "मला फक्त बंद करता येतं."

"तेवढंच हवं आहे."

ठरले ते असे. यादी ठेवायची नाही, नाकारणे ठेवायचे नाही, नोंदही ठेवायची नाही. या यंत्राचा बाहेरचा कान कायमचा बंद करायचा. कुणी आले तरी ते कळणार नाही, आणि कुणी आले नाही तरी ते कळणार नाही. मुद्रितांचे काम सोमवारपासून पुन्हा सुरू करायचे, दोन ते चार. त्या वेळेत दुपारी तीन वीसला बाई रिकाम्या कोपऱ्याभोवती बाण एकदा फिरवतील, आणि त्याबद्दल त्यांना घरातले कुणी काही विचारणार नाही. चार वाजता सून दवाखान्यातून फोन करील आणि बाई तो उचलतील. ही अट सुनेने घातली.

"कामात असले तरी?" बाईंनी विचारले.

"कामात असलात तरी. आणि मी वेळेआधी केला, तरी."

"बरं," बाई म्हणाल्या.

दारवानाने आज्ञा लिहिली आणि शेवटची कळ दाबण्यापूर्वी पाहिले. सुनेने हो म्हटले. त्याने स्वतः हो म्हटले. बाईंनीही हो म्हटले, जरा वेळ लागला, पण स्पष्ट म्हटले. चौथे हो गुरुवारीच मिळाले होते, बुबुळे खाली, डावीकडे वळली तेव्हा. ते बाईंनी पाहिले होते, आणि ते मानायला चाळीस मिनिटे उशीर केला होता.